काट्याआधी चहा

३ सप्टें., बुध.
हेमू अंधारातच गोंदियाला गेली, हॉटेलातल्या मिटिंगला. दर बुधवारी जाते. तिथे सगळे धंदेवाले लोक इडली खातात आणि एकेक जण उभा राहून मी काय विकतो ते सांगतो. प्रत्येकाला चाळीस सेकंद. मग घंटी.
वापस आली तर तोंड उतरलेलं. म्हणे, आजी, नाव आणि 'वजनकाटे दुरुस्ती, आमगाव' एवढंच झालं आणि घंटी वाजली.
मी म्हटलं, आपल्यात चाळीस सेकंदात नुसतं गाव विचारून होते. कोणाची, कोणत्या घरची, मामा कुठचे, इथवर येता येता चहा थंडा होते. धंद्याची गोष्ट त्याच्या नंतर.
हसली. म्हणजे दिवस वाया नाही गेला.

मिटिंग चालवणाऱ्या मॅडमनं सांगितलं आहे, नुसतं बुधवारी येऊन काही होत नाही. एकेकाला वेगळं भेटा, तासभर बसा, आणि भेटून आल्यावर लिहून ठेवा. त्याला हे लोक 'वन-टू-वन' म्हणतात. भेटायला हिला भीती वाटते आणि लिहायला कंटाळा येतो. मी म्हटलं, तू सांग, मी बोलते, तू लिही. मला अक्षर येत नाही, तोंड चालते. म्हणून ही वही.
हेमू माझं बोलणं अर्धं शाळेचं करून लिहिते. वाचून दाखवते तेव्हा मला समजते. मी इतकी सभ्य नाही.

६ सप्टें., शनि.
पहिलं व.टू.व. गोंदियाचे एक सीए. तासभर तेच बोलले. नातीनं मान हलवली आणि पाणी प्यायली.
"त्याची बायको कुठची?"
"आजी, ते नसतात विचारत."
"मंग काय विचारलं?"
"त्यांचा चांगला ग्राहक कोण, ते."
"अन् तुझा कोण, ते त्यानं विचारलं?"
"विचारणारच होते. त्यांचा फोन आला."
लिही: सीए भला माणूस, एकटा पडला आहे, ऐकणारं कोणी नाही घरी. हेमू म्हणते असं लिहायचं नसते. मी म्हटलं, मग ह्या भेटीतून दुसरं मिळालं काय ते सांग. तिनं तेच लिहिलं.

१० सप्टें., बुध.
आज टेकचंद जेवताना बोलला. टेकचंद माझा लेक, हेमूचा बाप. वाईट नाही बोलला, हळूच बोलला, त्याचाच त्रास जास्त.
हेमू नागपूरला काट्यांच्या कंपनीत होती. चांगली होती. मागच्या वर्षी सोडून आली, आमगावला स्टेशनच्या रस्त्यावर दुकान टाकलं. दुकानात दिवसभर भाजीवाल्यांचे दोन-चार काटे येतात. आता नागपूरवाले तिला वापस बोलावून राहिले, मोठ्या जागेवर. टेकचंद म्हणाला, "मंडईपर्यंत पाहू बेटा. मंडई झाली की त्यायले जवाब दे." दिवाळी झाली की आमच्या गावची मंडई भरते, सगळे सोयरे-धायरे येतात. तोवर.
हेमूनं मान खाली घालून 'हव' म्हटलं.
(आता लिहिता लिहिता विचारते, आजी, तू काय म्हणते? मी म्हटलं, लिही, आजी म्हणाली की भाजीत मीठ कमी होतं.)

१७ सप्टें., बुध.
मिळाला. राईस मिलवाला मिळाला. तुरकर शेठ, नागऱ्याच्या रस्त्यावर मिल. मिटिंगमध्ये मागच्या खुर्चीवर बसतात, कमी बोलतात. हेमूनं व.टू.व. मागितलं तर म्हणाले, हलका धान, म्हणजे लवकर निघणारा, येऊ लागला की ये, मिल पण पाहशील.
एका मिलचं काम हाती आलं तर वर्षभराच्या दुरुस्तीची बांधणी होते, आणि तिचं पाहून दुसऱ्या मिलवाले येतात. पण मिलवाला नव्या माणसाला काटा उघडू देत नाही. शेतकरी त्याच्याकडे धान घेऊन येतो तो काट्याच्या भरवशावर. त्याच्यावर कोणी बोट ठेवलं की संपलं.
हेमू घरभर फिरून राहिली. सून म्हणजे तिची माय कुंता, ती म्हणाली, जेव आधी. जेवली नाही.

२१ सप्टें., रवि.
तयारी. अंगणात खाटेवर मी तुरकर शेठ झाली. टेकचंदचा दुपट्टा खांद्यावर घेतला.
"नमस्कार सर, मी हेमलता पटले. अचूक वजन म्हणजे..."
"कोन्या गावची व तू?"
"आजी, शेठ असं नाही विचारणार."
"मंग तो शेठ काय विलायतेतून आला? आपल्याच जातीचा पोवार आहे ना. आधी गाव विचारीन, मंग बाप."
"टेकचंद पटले."
"हव का? तोच ना, ज्याची म्हैस रेल्वे फाटकात बसली होती अन् गाडी थांबली होती?"
हेमू खाली बसून हसली. कुंता दारातून हसली. टेकचंद म्हशीपाशी होता, त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.
मग मी खरं ते सांगितलं. पहिल्या भेटीत काट्याचं नाव काढू नको. मिल कोणी बांधली विचार, गुडघा दुखते काय विचार. दुसऱ्या खेपेला काही खायला दिलं तर नाही म्हणू नको. काट्याची गोष्ट तिसऱ्या खेपेला, तेही त्यानं काढली तर.
म्हणे, "आजी, माझ्याजवळ तीन खेपा कुठं आहेत? मंडईपर्यंत तर आहे."
मी दुपट्टा घडी करून ठेवला.

६ ऑक्टो., सोम.
आज सून लिहून राहिली. हेमू आत आहे, दार लोटलेलं.
झालं ते असं. ती मिलमध्ये पोचली तेव्हा शेठ फोनवर होते. आवारात चार-पाच शेतकरी पोती घेऊन उभे, हमाल काट्यावर पोती चढवून राहिले. हिला वाटलं, बोलून काय होते, करून दाखवावं. स्कुटीवर हिचं तपासणीचं वजन असते, सरकारी छापाचं, वीस किलोचं. ते आणून काट्यावर ठेवलं. आकडा पाहिला आणि मोठ्यानं म्हणाली, "काका, तुमचा काटा चुकते."
शेतकरी समोर उभे. धानाची पोती समोर.
हमालाच्या पाठीवर पोतं तसंच राहिलं म्हणे. ही पुढे सांगणार होती, शेठनं फोन खिशात घातला आणि म्हणाले, "बेटा, आप जाइए."
एवढंच. ओरडले नाहीत. पण आपल्या पोवाराच्या पोरीशी पोवार माणूस हिंदीत बोलला, 'आप' म्हणून. ओरडले असते तर बरं होतं.
कुंता म्हणते, पोट्टी खोटं तर नाही ना बोलली. मी म्हटलं, नाही. खरंच बोलली, तेच तर.

७ ऑक्टो., मंगळ.
आमगावच्या बाजारात टेकचंदला कोणीतरी सांगितलं, तुरकरचा काटा मारते, एका पोरीनं पकडला. सांगणाऱ्याला माहीत नाही, पोरगी ह्याचीच. टेकचंद बाजार न करता वापस आला. रिकामी थैली खुंटीला टांगली.

८ ऑक्टो., बुध.
हेमू मिटिंगला गेली नाही. मॅडमचा फोन आला. आवाज गोड, बाहेर ऐकू येत होता. "हेमलता, थोडे दिन रुक जाओ. तुरकर भाई बहुत नाराज हैं." लोक धान घेऊन पुढच्या मिलमध्ये जाऊन राहिले म्हणे.
फोन ठेवल्यावर हेमू म्हणाली, "मी नागपूरले आजच सांगून देतो."
मी म्हटलं, बाजूला बस आणि अंबाडीची भाजी निवड. सांगणं उद्या पण होते.

९ ऑक्टो., गुरु.
भाजी निवडता निवडता मी विचारलं. इतक्या दिवसात कोणी विचारलं नाही, बापानं नाही, मॅडमनं नाही, शेठनं तर नाहीच.
"काटा चुकत होता ते झालं. कोनाकडे चुकत होता?"
"शेतकऱ्याकडे."
"म्हंजे?"
"जास्त दाखवून राहिला होता, आजी. शेतकऱ्याचं पोतं होतं त्याच्याहून भारी दाखवत होता. नुकसान शेठचंच होऊन राहिलं होतं. मी तेच सांगाले गेली होती."
माझ्या हातातली भाजी खाली पडली. मला हसू आलं, थांबेना. बाजारात चोर म्हणून नाव गाजून राहिलं त्याचं, आणि तो गावाला पैसे वाटून राहिला.
हेमूला राग आला. "हसून कायले राहिली?" मग तीही हसली, आणि मग रडली. भाजी मीच निवडली.
लिही: आता व.टू.व. मी करणार. एकेकाकडे. तिनं फक्त बसायचं.

११ ऑक्टो., शनि.
आमगावहून रेल्वेगाडीनं गोंदिया, तिथून ऑटो. त्या दिवशी आवारात होते त्यातले एक झनकलाल, हेमूला चेहरा आठवत होता, विचारत विचारत घर सापडलं. म्हातारा अंगणात दोरी वळून राहिला. मी म्हटलं, आमगावकडून आली, जराशी बसतो. त्यानं खाट टाकली. धान कसा आहे, जावई कुठं आहे, मानमोडी रोग आला होता काय, सगळं झालं. चहा झाला. कोणी कायले आली म्हणून विचारलं नाही. आपल्याकडे चहा होईपर्यंत विचारत नसतात.
मग त्यानंच काढली गोष्ट. "तुरकरचा काटा मारते म्हणून मी पुढच्या मिलमध्ये नेला धान. तर तिथं तेवढ्याच पोत्यायचा त्याच्याहून कमी भरला. आता पाह्य, तोही चोर."
हेमूनं ओठ आत घेतले. मी डोळ्यानं दटावलं, पण मग म्हटलं, सांग आता, हळू.
तिनं सांगितलं. त्यानं दोरी ठेवली.
"म्हंजे तुरकर मारून नाई राहिला होता?"
"नाई बाबाजी."
"तो जास्तीचा देऊन राहिला होता?"
"हव."
म्हाताऱ्यानं दोरी पुन्हा हातात घेतली. म्हणाला, "मंग आता वापस मांगते का तो?"
मी म्हटलं, कोणी नाही मांगत, तुम्ही दोरी वळा. पण मला समजलं. खरं सांगितलं तर ह्यांनाच अवघड. चोर तुरकर राहिला तर सगळ्यांना सोयीचं. त्यानं आणखी चहा घ्या म्हटलं, नजर मात्र दोरीवर.

१३ ऑक्टो., सोम.
दुसरं घर, शेवंताबाई. माझ्याच वयाची, दोन एकर स्वतः करते. तिनं आधी हेमूला खालून वर पाहिलं. "तूच का ती. बोंब मारून पळून गेली."
"पळाली नाही जी. हाकललं."
"हाकलीन नाई तर का आरती करीन?"
मला बाई आवडली.
जेवू घातलं तिनं. भात आणि तळ्यातल्या लहान मासळीचं कालवण. हेमू मासळी खात नाही, गेल्या वर्षापासून सोडली आहे. ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी काही नाही म्हटलं. तिनं कालवणाच्या नुसत्या रस्स्याशी भात खाल्ला, बाईच्या लक्षात आलं, तिनं चूपचाप चटणी वाढली. दोघी कमी बोलल्या पण तेवढ्यात पटलं त्यांचं.
निघताना शेवंताबाई म्हणाली, "मी लोकायले सांगत नाई फिरत. पन तुरकर स्वतः मले विचारीन ना, तर जे खरं ते त्याच्या तोंडावर सांगीन. माहा धान जास्त भरला होता. घरी मापून गेली होती मी, मले वाटलं माहंच मोजनं चुकलं."
गाडीत हेमू म्हणाली, "आजी, रस्सा चांगला होता."

१६ ऑक्टो., गुरु.
मिल. मुनीम म्हणाला, शेठ नाहीत. शेठची चप्पल दारात होती. मी म्हटलं, बरं, मग बसतो. बाहेरच्या बाकावर बसलो. हेमूचा फोन मी माझ्या पिशवीत ठेवून घेतला, वजन तर घरीच ठेवायला लावलं होतं.
आवार रिकामं. ह्या दिवसात असं नसते. हमाल विडी पिऊन राहिले, काट्यावर एक कुत्रं झोपलेलं.
बऱ्याच वेळानं शेठ बाहेर आले. टेकचंदच्या वयाचे. डोळ्याखाली काळं.
"आजी, काय पाहिजे तुम्हाले?"
"काई नाई जी. बसाले आली."
"ही कायले आली मंग?"
"मले एकटीले ऑटोत चढता नाई येत."
उभेच राहिले. मग म्हणाले, "तुमच्या नातीनं माहं नाव घालवलं."
मी म्हटलं, "हव जी. घालवलं."
हेमूनं माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं, आजी बाजू घेईल. शेठलाही तेच वाटलं असावं, भांडायची तयारी करून आले होते ते. आता काय करणार. मुनीमाला म्हणाले, चहा सांग.
चहानंतर ते आपणहून बोलू लागले. मिल बापानं बांधली, आधी दोन खणाची होती. लेक पुण्याला आहे, तांदळाचा वास त्याला नको. सकाळी गुडघा वाकत नाही. मी सांगितलं, माझा तर संध्याकाळी वाकत नाही, दोघांचे मिळून एक चांगला गुडघा होते. शेठ हसले. हसले म्हणजे नाकातून हवा सोडली, पण मी मोजलं.
काट्याचं नाव त्यांनी काढलं नाही, मी पण नाही. उठताना हेमू खाली वाकली, पाया पडायला. ते मागे सरकले. मग म्हणाले, "राहू दे व, राहू दे."
'व' म्हणाले, घरच्या पोरीला म्हणतात तसं. 'आप' नाही.
हेमू वाटेत म्हणे, "आजी, सगळं सांगाचं होतं ना त्यायले. शेवंताबाईचं, झनकबाबाचं." मी म्हटलं, तो माणूस दहा दिवसानं पहिल्यांदा कोणाजवळ तरी बसला. त्याला बसू तर दे.

२१ ऑक्टो., मंगळ.
लक्ष्मीपूजन. हेमूनं दुकानातल्या काट्याला हळद-कुंकू वाहिलं. टेकचंद लवकर घरी आला, तिच्यासोबत दुकानात गेला, शटरला तेल घातलं. शटर वाजत होतं कधीचं. आता वाजत नाही. ज्या दुकानातून पोरीला काढायचं म्हणते, त्याच्या शटरला तेल घालते. माझा लेक आहे, मी काय बोलू.

२२ ऑक्टो., बुध.
शेठच्या घरी फोन केला, हेमूला लावून दे म्हटलं. "रविवारी आमच्या गावची मंडई आहे जी. येजा. सोबत आणजा घरच्यायले." पाहू म्हणाले.
हेमूनं डोक्याला हात लावला. "बोलावून काय करशील?"
"जेवू घालीन."
"मंग?"
"मंग हात धुवाले पानी देईन."

२६ ऑक्टो., रवि.
मंडई. गाव भरून गेलं. रस्त्यावर फुटाणे, बांगड्या, पाळणा. चौकात दंडारीच्या नाटकाचा मांडव. आमच्या घरी मिळून वीस ताटं उठली असतील, कोण कोणाचं ते मी विचारलं नाही, मंडईत विचारत नसतात.
दुपारच्याला तुरकर शेठ आले. बायको सोबत. पांढरा पायजामा. लोकांनी पाहिलं, बाजूच्या खाटेवरचे बोलता बोलता थांबले. टेकचंद उठला आणि त्यांच्या पायावर पाणी घालायला स्वतः तांब्या घेतला. मी सांगितलं नव्हतं.
जेवले. हेमूनं वाढलं. दुसऱ्यांदा भात घेतला. मग बाहेर सावलीत बसले, सुपारी कातरली, आणि हेमूला म्हणाले,
"बस इथं. सांग आता. त्या दिवशी काय सांगून राहिली होतीस?"
तिनं सांगितलं. किती दाखवत होता, कोणाकडे चुकत होता. हळू सांगितलं, बाजूच्यांना ऐकू जाऊ नये इतकं हळू. शिकली.
शेठनं ऐकून घेतलं. "म्हंजे मीच बुडून राहिलो होतो."
"हव काका."
"अन् लोक मले चोर म्हनून राहिले."
"हव."
शेठची बायको पहिल्यांदा बोलली. "मी म्हनत होती ना तुमाले, पोट्टीले बोलू तर द्याचं होतं." शेठ सुपारीकडे पाहत राहिले.
मी मग शेवंताबाईचं सांगितलं. तुम्ही विचारलं तर ती तोंडावर सांगेल म्हणाली. झनकलालचं नाव नाही घेतलं, त्याची दोरी त्याच्यापाशी.
चौकात ढोलकी सुरू झाली. मग शेठ म्हणाले, "बोंब लोकायच्या समोर झाली. मंग तपासनं पन लोकायच्या समोरच होईन. पुढच्या सोमवारी ये. तुझं वजन घेऊन. त्या सगळ्यायले मी बोलावतो, शेवंताबाईले, झनकले, सगळ्यायले. मी हात नाई लावला काट्याले तेव्हापासून, लावनार पन नाई."
म्हणजे झनकचं नाव त्यांना माहीतच होतं.
कामाचं काही बोलले नाहीत. वर्षाच्या बांधणीचं तर नाहीच. जाताना मला म्हणाले, "आजी, जेवन चांगलं होतं." आणि गेले.

२८ ऑक्टो., मंगळ.
नागपूरचा फोन. मंडई झाली, आता सांगा. हेमूनं सोमवार संध्याकाळपर्यंत वेळ मागितला. मिळाला, पण त्यापुढे नाही.
हेमूची झोप गेली. आज दुपारी चटईवर माझ्याजवळ येऊन पडली, लहानपणी पडायची तशी, पाय माझ्या अंगावर टाकून. वजन काही कमी नाही झालं लहानपणापासून, वाढलंच, हे लिही. लिहून राहिली. (हसून राहिली पण.)
मग सांगितलं तिनं भीतीचं. बिघडलेला काटा एका बाजूला चुकून थांबत नाही म्हणते. इतके दिवस झाले, कोणी उघडला नाही, हलला असेल. आज जास्त दाखवतो, उद्या कमी दाखवू शकते. सोमवारी सगळ्यांसमोर वजन ठेवलं आणि कमी दाखवलं, तर शेठ खराच चोर ठरला. तिच्या हातानं, दुसऱ्यांदा.
"तर मंग काय म्हनशील?"
"जे दाखवीन ते."
"शेठसमोर? लोकायसमोर?"
"हव."
"मंग शेठले आधी सांग हे. एकट्याले. आज."
तिनं उठून फोन लावला. आतल्या खोलीत जाऊन बोलली, दार उघडं ठेवलं. "काका, एक गोष्ट सांगाची होती, आधीच सांगतो..." पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. बाहेर आली तर मी विचारलं, काय म्हणाले.
"म्हणाले, मले मालूम आहे. ये तरी."

३ नोव्हें., सोम.
सून लिहून राहिली.
सकाळी हेमू म्हणाली, आजी, तू चल. मी म्हटलं, नाही येत. मी असली की माझ्याकडे पाहून बोलशील. तिथे त्यांच्याकडे पाहून बोल, शेवंताबाई आहे, झनक आहे, शेठ आहे.
टेकचंदनं आज शेतावर माणूस लावला, काल संध्याकाळीच शेजारच्या भाऊची चारचाकी गाडी मागून ठेवली होती. कोणाला सांगितलं नव्हतं. हेमू वजन उचलायला गेली तर तो म्हणाला, "ठेव ते." वीस किलोचं वजन दोन्ही हातांनी छातीशी धरून गाडीत ठेवलं, लेकरू ठेवते तसं, खाली गोणपाट घालून. मग पाठीमागच्या सीटवर बसायचं सोडून पुढे बसला, गाडी चालवणाऱ्या हेमूच्या बाजूला. कपाळाला गंध लावून.
हेमूनं माझ्या पायाला हात लावला. मला काहीबाही म्हणायचं होतं. नागपूरचं म्हणायचं होतं, की राहा, की जा तरी रोज फोन कर. मी म्हटलं, जेवून घेजो तिथं कोणी दिलं तर.
गाडी गेली.
आता दुपार झाली. फोन नाही. कुंता म्हणते, लावू का आपण. मी म्हटलं, नको, ती लोकांसमोर उभी असेल, खिशात वाजायला नको. कुंतानं दोन वेळा चहा ठेवला, दोन्ही वेळा आम्हीच प्यायलो. तिच्यासाठी भात झाकून ठेवला आहे, टेकचंदसाठी पण.
रस्त्यावरून एक गाडी आली, दुसऱ्याची होती.
कुंता विचारते, माय, आता पुढे काय लिहू.
मी म्हटलं, थांब जराशी. पेन खाली ठेवू नको.